चौघांनी उचललेली बाज

बुधवार : पुणे ते केडगाव

केडगाव, नगर, हरेगाव. बेत मावशीचा. तिन्ही ठिकाणं एकाच लोहमार्गाच्या आसपास आहेत. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागतं. दौंडहून मनमाडच्या अंगाला वळलं की नगर (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं), आणि तसंच पुढे गेलं की बेलापूर स्टेशन, म्हणजे श्रीरामपूर. तिथून हरेगाव जवळच. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला यातलं एकही नाव नवं नाही. पण तिन्ही एका फेरीत सहसा कोणी करत नाही, कारण पहिली दोन प्रॉटेस्टंटांची आणि तिसरं कॅथलिकांचं. आपल्याकडे दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या लग्नांना जातात, यात्रांना जात नाहीत. मावशीचा जन्म नर्सच्या नोकरीत गेला. तिला असल्या भिंती दिसत नाहीत, किंवा दिसल्या तरी ती दार शोधते.

निघण्याचं कारण सांगून टाकते. आई गेल्या पावसाळ्यात गेली. शेवटी शेवटी तिला दवाखान्यातच ठेवायचं की घरी न्यायचं, यावरून दादाचं आणि माझं वाजलं. दादाने तिला त्याच्या घरी नेलं. थोड्याच दिवसांत ती गेली. ती तशीही फार दिवस काढणार नव्हती, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि मला ते तोंडपाठ आहे. पण तोंडपाठ असून भागत नाही. पुढे बिलं आली, पावत्या आल्या, कोणी किती भरले हे आलं. तेव्हापासून आम्ही बहीण-भाऊ एकमेकांना फक्त कागदपत्रांचे फोटो पाठवतो.

रविवारी चर्चला जाणं मी सोडलं नाही. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की मीही सगळ्यांबरोबर म्हणते. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे" इथे आलं की माझा आवाज बंद होतो, आणि ती ओळ सरली की पुन्हा सुरू होतो. शेजारच्या बाकावर कुणाला कळत नाही. मावशीला कळलं. प्रार्थना कर म्हणजे बरं वाटेल, असं सांगणारे मला पुष्कळ भेटले होते. मावशी म्हणाली, "तुला जमत नाहीये ना? मग नको करूस. नुसती चल."

हडपसर सुटल्यावर तिने पिशवीतून पवित्र शास्त्र काढलं आणि मार्काचा दुसरा अध्याय उघडून माझ्या मांडीवर ठेवला. गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. कफर्णहूम गावात येशू एका घरात आहे, दारात पाय ठेवायला जागा नाही. चौघे जण एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. आत शिरता येत नाही म्हणून घरावर चढतात, छप्पर काढतात आणि माणसाला बाजेसकट खाली सोडतात.

"हाच उतारा," मावशी म्हणाली. "परत येईपर्यंत दुसरा वाचायचा नाही."

ही पद्धत जुनीच आहे. ग्विगो नावाच्या एका कार्थुसियन मठवासीने बाराव्या शतकात तिच्या चार पायऱ्या सांगून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग शब्दांशिवाय नुसतं देवासमोर राहणं. मावशीने ग्विगोचं नाव ऐकलेलं नाही. तिचा नियम एवढाच की उतारा हळू वाचायचा, जिथे अडेल तिथे थांबायचं, आणि का अडलं ते देवाला विचारायचं.

मी वाचलं. "कुठे अडलीस?"

"छपरापाशी. ते परत घालायचा खर्च कोणी केला?"

मावशी इतकी हसली की समोरच्या बाकावरच्या बाई दचकल्या. "बिलांतून बाहेर ये की गं जरा."

केडगावला उतरलो तेव्हा पावसाची भुरभुर होती. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं. ऑफिसात नाव सांगून, परवानगी घेऊन आत गेलो. मोठी झाडं, दगडी इमारती, आणि रुंद आवारात कुठेतरी मुलींचा पाढे म्हणण्याचा आवाज. निराधार बायका-मुली आजही इथे राहतात, शिकतात, काम करतात.

रमाबाईंबद्दल शाळेत एक धडा असतो आणि तो स्त्रीशिक्षणापाशी थांबतो. तिच्या वाट्याला काय काय आलं ते एका दमात सांगितलं तर खोटं वाटेल. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे पंडित, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतलेले. दुष्काळात आई-वडील आणि मोठी बहीण उपासमारीने गेली, तेव्हा ही सोळाच्या आसपास. उरलेल्या भावाबरोबर पायी देशभर पुराणं सांगत फिरली. कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. पदरात मनोरमा.

त्यानंतर ती इंग्लंडला गेली आणि १८८३ मध्ये तिथे तिने बाप्तिस्मा घेतला. तिचं मन कशाने वळलं, हे तिनेच लिहून ठेवलंय. लंडनजवळ फुलहॅमला काही सिस्टर्स, समाजाने टाकून दिलेल्या बायकांना आसरा देत होत्या. या बायकांना कोणी मायेने वागवतं, याचंच रमाबाईंना नवल. असं का करता, म्हणून विचारल्यावर तिथल्या सिस्टरने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री दाखवली, विहिरीवर येशूशी बोलणारी. पाच नवरे झालेली आणि आता नवरा नसलेल्याबरोबर राहणारी. येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिला सुधार म्हणून आधी हाकलून देत नाही.

नंतर केडगावात रमाबाईंनी तशाच बायकांसाठी घर काढलं, त्याचं नाव कृपासदन. आवारात फिरताना मावशीने ते नाव काढलं आणि म्हणाली, "लायकी बघून मिळाली तर तिला मजुरी म्हणतात."

गुरुवार : केडगावातच

सकाळी उपासनेला बसलो. पुढे मुली, मागे बायका, एका बाजूला काही अंध बायका. रमाबाईंच्या काळातही अंधांसाठी इथे वेगळं घर होतं, त्याला बार्तीमयाचं नाव दिलेलं. यरीहोच्या रस्त्याकडेला बसून "माझ्यावर दया करा" म्हणून ओरडणारा, आणि लोकांनी गप्प बस म्हटल्यावर जास्तच जोरात ओरडणारा आंधळा भिकारी. शुभवर्तमानात प्रार्थनेची जी माणसं आहेत त्यांत तो मला सगळ्यांत जवळचा वाटतो. त्याच्या प्रार्थनेत एक वाक्य आहे आणि शिष्टाचार अजिबात नाही.

पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या हातात रमाबाईंनी भाषांतर केलेलं शास्त्र होतं. त्याला जुन्या लुगड्याच्या किनारीचं कव्हर शिवलेलं. धाग्याचे टाके एकेका जागी दोनदा घातलेले, कोपरे तेलकट काळे. पानांच्या कडा इतक्या वापरलेल्या की बंद केल्यावर स्तोत्रसंहितेची जागा बाहेरूनच ओळखू येत होती. मधला तेवढाच पट्टा मळका.

या भाषांतराची गोष्ट अशी. रमाबाईंना साध्या बायकांना वाचता येईल असं मराठी शास्त्र हवं होतं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्यात घातली. छपाई इथल्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या इथल्याच बायका. १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्या भरवशावर संस्था सोपवायची तीच लेक आईच्या आधी गेली. रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. काम पुरं होईपर्यंत आयुष्य दे, एवढंच त्यांनी शेवटी मागितलं होतं, असं सांगतात. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

मी हिशेब करणारी बाई. मला प्रश्न पडतो तो असा की आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा, लेक, सगळे गेल्यावर एखादी बाई 'कृपा' हा शब्द कोणत्या तोंडाने उच्चारते? तिच्या लेखी कृपा म्हणजे दुःख न येणं, असा अर्थ नक्कीच नव्हता. पौलाचंही तसंच. त्याच्या शरीरात कसला तरी काटा होता, तो काढ म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरेशी आहे." आरोग्यदानाच्या सभांत हे वचन फार कमी ऐकू येतं, कारण त्याची साक्ष देता येत नाही. काय सांगणार, 'मी मागितलं ते मिळालं नाही, हालेलुया'?

दुपारी त्या किनारीच्या कव्हरवाल्या आजींशी बोलणं झालं. १९०५ सालच्या जागृतीबद्दल त्यांना विचारलं. त्या काही तेव्हाच्या नाहीत, पण इथे ती गोष्ट एका पिढीकडून दुसरीकडे आलेली आहे. त्या वर्षी जानेवारीत रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र प्रार्थना करायला बोलावलं, तेव्हा सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. जूनअखेर रडणं, पापं कबूल करणं, मोठमोठ्याने प्रार्थना असं सगळं सुरू झालं, आणि त्याची बातमी देशाबाहेर गेली. पुस्तकांत त्या जूनअखेरच्या दिवसांचं वर्णन भरपूर आहे. मला जानेवारी ते जून जास्त महत्त्वाचे वाटतात. या मुली कोण होत्या? १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांतून आणलेल्या, आई-बाप डोळ्यांदेखत गमावलेल्या. पाच-सहा महिने त्या रोज एकत्र बसत राहिल्या, एकमेकींची नावं घेत राहिल्या. मनाच्या डॉक्टरांना आज विचारलं तर तेही म्हणतील की यातलं निम्मं काम बसण्यानेच झालं असेल. उरलेलं कोणी केलं, त्यावर त्यांचं आणि मावशीचं पटणार नाही.

आजींनी माझं नाव विचारलं. मग आईचं. मग म्हणाल्या, "भाऊ आहे?"

"आहे."

"त्याचं नाव काय?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि अगदी बाजारहाटाच्या आवाजात तिघांची नावं घेऊन प्रार्थना केली. आई तुझ्याजवळ आहे, हिची झोप गेली आहे, आणि याला खोकला असेल तर बरा कर. दादाला खोकला नव्हता. म्हणजे, मला ठाऊक नव्हता.

संध्याकाळी पुन्हा मार्क दोन. या वेळी मी "त्यांचा विश्वास पाहून" इथे थांबले. येशू कोणाचा विश्वास पाहतो? बाजेवरच्या माणसाचा असं कुठे म्हटलेलं नाही. छपरावरून खाली वाकून बघणाऱ्या, मातीने हात माखलेल्या चौघांचा. तो पडून आहे त्याच्या मनात काय चाललंय, विश्वास आहे की चीड आहे की लाज, याचा मार्काने पत्ताच लागू दिलेला नाही.

शुक्रवार : दौंडमार्गे नगर

दौंडला गाडी बदलायची. फलाटावर ताटकळणं, चहा, आणखी ताटकळणं. या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, संध्याकाळ सोडून.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं, त्यामुळे इथलं ख्रिस्ती घर म्हणजे चार-पाच पिढ्यांचं असतं. बोलणं नगरी, जेवण नगरी, भजनाला पेटी-तबला. आम्ही उतरलो ते मावशीच्या मैत्रिणीकडे. ह्यूम मेमोरियल चर्च बाहेरून पाहून आलो, तोवर दिवेलागण झाली आणि माणसं जमायला लागली. दर शुक्रवारी त्यांच्याकडे भजन असतं.

नगर म्हणजे कवी ना. वा. टिळक. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळकांनी पानं चाळायला घेतली आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन खिळले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणत, आणि पुढची सारी गाणी त्यांनी त्याच पुलावर उभं राहून लिहिली. आपलं गीतपुस्तक 'उपासना संगीत' उघडा, टिळक सापडल्याशिवाय दहा पानं उलटायची नाहीत.

पण त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात टिळक नव्हते, लक्ष्मीबाई होत्या. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्याचं कळलं तेव्हा त्या बाईचं जग बसलं. काही वर्षं ती माहेरच्यांत राहिली. नवरा जिवंत, आणि तरी नाही. पुढे परत आली, आधी फक्त संसाराला. १९०० मध्ये स्वतःच्या पायांनी बाप्तिस्म्याला गेली. तिने हे सारं स्वतः लिहिलंय आणि तेही हसत-हसवत. त्यात कुठे 'मी क्षमा केली' असा सोहळा नाही. पत्रं आहेत, रुसवे आहेत, पुन्हा एका चुलीपाशी येणं आहे. आंतरिक आरोग्यावर बोलणारे प्रवचनकार क्षमा ही बटण दाबल्यासारखी सांगतात. लक्ष्मीबाईंकडे पाहिलं की कळतं, तिला वर्षं लागतात आणि मधे भांडणं होतात.

भजन रात्री उशिरापर्यंत चाललं. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली: मला प्रार्थना म्हणता येत नव्हती, पण गाता येत होतं. सूर धरायचा असतो, शेजारीण उंच गेली की आपणही जायचं असतं. त्या नादात शब्द तोंडातून जातात आणि गेल्यावर कळतं की आपण काय बोललो. शेवटी यजमानीणबाईंनी तेरावं स्तोत्र वाचलं. "हे परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार? सर्वकाळ काय?"

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं. त्यांत सगळ्यात मोठा गट गाऱ्हाण्यांचा, एक तृतीयांशाहून जास्त. बहुतेक गाऱ्हाणी शेवटाकडे वळण घेतात, स्तुतीला येतात. अठ्ठ्याऐंशीवं येत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, आणि तरीही ज्यांनी हा ग्रंथ जमवला त्यांनी ते गाळलं नाही. मला वाटतं, आपल्या चर्चमध्ये आनंदाची सक्ती फार झाली आहे. 'कसे आहात?' 'प्रभूच्या कृपेने उत्तम.' अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र महिन्यातून एकदा मोठ्याने वाचायला लावलं तर निम्म्या बाकांवरचे लोक मान वर करून बघतील.

शनिवार : हरेगाव

बेलापूर स्टेशनला उतरल्यावर विचारावं लागत नाही. गर्दी जिकडे जाते तिकडे जायचं. मतमाऊलीची, म्हणजे येशूची आई मरिया हिची यात्रा १९४९ पासून भरते, सप्टेंबरात. मरियेचा जन्मदिवस ८ तारखेला, त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी मुख्य सोहळा, आणि त्याआधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. जीप, एसटी, ट्रॅक्टर, आणि पायी येणारे जथे. पताका, टाळ, डोक्यावर पिशव्या. दोन्ही बाजूंना ऊस. लांबून पाहणाऱ्याला वाटेल आळंदीचा रस्ता आहे, आणि जवळ गेल्यावर अभंगाच्या चालीत 'नमो मरिये' ऐकू येतं.

मी प्रॉटेस्टंट घरातली, मरियेपुढे हात जोडायची सवय नाही. मावशीला विचारलं, "आपण काय करायचं इथे?"

"ती काय करते ते ऐकायचं. काना गावच्या लग्नात ती एवढंच म्हणाली की यांच्याजवळ द्राक्षारस नाही. स्वतःसाठी नाही मागितलं तिने काही. बाजेचा एक पाय तिनेही धरलाय म्हण."

संत तेरेजाच्या चर्चच्या आवारात मेणबत्त्यांच्या उष्णतेने तोंड भाजत होतं. नवस फेडायला आलेले, बाळ घेऊन आलेले, कुबड्या घेऊन आलेले. पापनिवेदनाच्या रांगा झाडाखाली. एकेका खुर्चीवर एकेक फादर, समोर गुडघ्यावर बसलेला माणूस, दोघांची डोकी जवळ. मागचा माणूस कानावर हात ठेवून उभा, ऐकू येऊ नये म्हणून.

एका मांडवात आजाऱ्यांसाठी प्रार्थना चालू होती. माइकवरचा आवाज वाढत गेला, लोक रडायला लागले, एक बाई खाली बसली. मला अशा प्रार्थनांबद्दल शंका नाही असं नाही. कोणाच्या जखमेवर फुंकर बसते, हे खरं. पण गोळ्या बंद करा, विश्वास पुरेसा आहे, असं कोणी सांगितलं तर तिथून उठून चालू लागावं. नैराश्याची गोळी घेणं म्हणजे विश्वासाची कमतरता नव्हे. याकोबाच्या पत्रातही दुखणाइताला मंडळीच्या वडिलांना बोलवायला सांगितलंय, तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, आणि "एकमेकांसाठी प्रार्थना करा" म्हटलंय. वैद्याला हाकला असं कुठेही नाही. लूकच वैद्य होता, मावशी म्हणाली. इथल्या मांडवात तसं काही कोणी बोललं नाही, हे सांगायला हवं. प्रार्थनेनंतर एक तरुण फादर माइकवर म्हणाले, औषधं चालू ठेवा, आणि बाहेर पडताना पायऱ्यांवर पाणी आहे, जपून.

रसवंतीजवळ बसलो असताना एक बाई माझ्या शेजारी टेकल्या. गंगापूरकडून चालत आलेल्या. पायाला चिंध्या बांधलेल्या. थोडं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ताई, माझ्या सुनेसाठी एक प्रार्थना करता का? मी करून करून दमले."

मी मावशीकडे पाहिलं. मावशी मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

"नाव काय सुनेचं?" मी विचारलं. त्यांनी सांगितलं. मी डोळे मिटले. आजींच्या त्या बाजारहाटाच्या आवाजाशिवाय दुसरं काही सुचेना, तेच वापरलं. हिची सून आजारी आहे. ही दमली आहे. तू बघ. आमेन. बाईंनी "आमेन" इतक्या खणखणीत म्हटलं की रसवाल्याने वर पाहिलं. मग त्या उठल्या आणि लंगडत रांगेकडे गेल्या. कित्येक महिन्यांनी तोंडातून आपणहून निघालेली ती पहिली प्रार्थना, आणि ती कोणा दुसरीच्याच सुनेसाठी.

रविवार : हरेगाव, आणि बेलापूर स्टेशन

सकाळी मोठी मिस्सा. माणसं मावेनात इतकी. मांडवाबाहेर छत्र्या धरून उभी. प्रभूची प्रार्थना हजारो गळ्यांतून एकदम सुरू झाली आणि मी ठरवून कान देऊन ऐकत राहिले. ऋणांची ओळ आली. मी गप्पच होते. पण या वेळी ते लपवावंसं वाटलं नाही. आजूबाजूचे सगळे ती ओळ म्हणत होते, मावशी म्हणत होती, केडगावच्या आजींनीही पहाटे म्हटलीच असणार. बाजेवरचा माणूस मार्काच्या त्या अख्ख्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. बोलतात ते बाकीचे, कुरकुरतात ते शास्त्री. त्याला आधी क्षमा मिळते, मग सांगणं होतं: ऊठ, आपली बाज उचलून घेऊन आपल्या घरी जा. देवळात जा नाही, माझ्यामागे ये नाही. घरी.

परतीची गाडी उशिरा होती. मावशी बाकावर पिशवी उशाशी घेऊन आडवी झाली. मी फलाटाच्या टोकाला गेले आणि दादाला फोन लावला. त्याने उचलला, म्हणजे नाव बघूनही उचलला.

"कुठला कागद हवाय?" त्याने विचारलं.

"कागद नकोय. हरेगावला आलेय मावशीबरोबर."

"मतमाऊलीला?" तो थांबला. "आईला जायचं होतं तिथे. शेवटी शेवटी म्हणत होती. तुला बोलली नव्हती का?"

मला नव्हती बोलली. पूर्वीची मी असते तर याच्यावरही भांडण काढलं असतं, की मला का नाही सांगितलंस. तोंडाशी आलंही होतं.

"आणखी काय म्हणत होती?" मी विचारलं.

मग तो सांगायला लागला. घरी आणल्यावर रात्री तिला झोप नसायची. ती त्याला शास्त्र वाचायला सांगायची. दादाने लग्नानंतर चर्चची पायरी क्वचितच चढली आहे. कुठून वाचायचं ते कळेना, तेव्हा आई म्हणाली, तेविसावं वाच, ते तुला येतं. पहिल्या रात्री त्याने ते वाचलं आणि मधेच अडखळला, तर तिने पुढची ओळ म्हटली, तोंडाला कोरड पडलेली असताना. मग रोज तसंच. तो मुद्दाम अडखळायचा, म्हणजे ती बोलेल.

"हे तू मला सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"तू पावत्या मागत होतीस."

यावर मी काही बोलले नाही, कारण ते खरं होतं. आणि त्याच्या पावत्यांचा हिशेब अजूनही माझ्या मते चुकीचा आहे, तेही खरं आहे. ते मी त्याला सांगितलंही. तो म्हणाला, बघू. मधेच खोकला. मी विचारलं, कधीपासून आहे, तर म्हणे दोन आठवडे झाले, पावसाने. काढा घेतोस का, डॉक्टरकडे गेलास का, हे सगळं विचारून झालं. मावशी फलाटावरून हातवारे करायला लागली, गाडी सिग्नलला आली होती.

"दादा, तेविसाव्यानंतर काय वाचायचास?"

"एकशे एकविसावं. पण त्याची एक वेगळीच गंमत झाली होती..."

"थांब, ठेवू नकोस," मी म्हटलं. "डब्यात चढते, मग सांग."